आक्काच्या चुलीवर लॅव्हेंडर

पाचगणीच्या बागवाल्यानं लॅव्हेंडरच्या वाळलेल्या कळ्या डब्यात भरल्या आणि झाकण लावायच्या आधी मला बजावलं, "ताई, ह्या खेपेचा माल लय कडक हाय. चाखत चाखत घाला. जास्त पडलं की कडू जहर."

"अहो, मला शिकवता?" मी म्हटलं. वाईला माझी खानावळ आहे. लॅव्हेंडरचं श्रीखंड आणि लॅव्हेंडर घातलेली भरली वांगी खायला पर्यटक मुद्दाम गाडी वळवून येतात. त्यामुळे माझं डोकं जरा चढलेलंच असतं, खोटं कशाला बोलू.

डबा घेऊन मी निघाले होते आटपाडीला, थोरल्या बहिणीकडे. आक्का आणि मी आठ वर्षं बोललो नव्हतो. दाजी गेले तेव्हा माझ्याकडे एका लग्नाच्या जेवणाची ऑर्डर होती. मी मातीला पोचले नाही आणि दहाव्यालाही गेले नाही. ऑर्डर सोडता आली असती, मी सोडली नाही. यंदा तिच्या सुनेचा, मंदाचा फोन आला. "मावशी, देवाचा वर्षाचा निवद (नैवेद्य) हाय. आत्याबाई (सासूबाई) म्हनल्या, यायचं तर ये म्हनावं." तेवढ्यावर मी एसटीचे धक्के खायला तयार झाले. मला माझी बहीण परत हवी होती, बाकी काही नको होतं.

साताऱ्याला गाडी बदलली. कऱ्हाडपर्यंत दोन्ही अंगांना ऊसच ऊस, डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. कऱ्हाडच्या पुढे एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की पिशवीतल्या डब्याचं झाकण उडालं. शेजारच्या म्हाताऱ्यानं नाकाला उपरणं लावलं.

"आवं, फिनेल सांडलं का काय?"

"फिनेल नाही, फूल आहे. जेवणात घालतात."

"जेवनात?" त्यानं माझ्याकडे नीट वळून बघितलं. "का, भूक लागू न्हाई म्हनून?"

मागच्या बाकावर हशा पिकला. मला असा राग आला म्हणता! विट्याला उतरून भडंग घेतलं, तेही इतकं तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. विट्यानंतर हिरवं संपत जातं. बाभळी, खुरटं गवत, लांबवर पसरलेली मेंढरं. हा माझा मुलूख. आम्ही मेंढरंवाल्यांच्याच घरात वाढलो, लग्न होऊन वाईला गेल्यावर माझी बोली बदलली.

आक्का दारात मेंढरांना पाला टाकत होती. केस पार पांढरे झाले होते. मला वाटलं होतं ती शिव्या घालेल, नाहीतर गळ्यात पडेल.

"आलीस व्हय? पानी घी," ती म्हणाली आणि परत पाल्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला चुलीपुढे बसवलं. "निवद आज तुझ्या हातचा हू दे. खपली गव्हाची खीर आन वांगी. साधं कर, आई करायची तसं." मला भरून आलं. देवाचा निवद आक्का दुसऱ्या कुणाला करू देत नाही, मंदालासुद्धा नाही. मला वाटलं, झालं, मिटलं सगळं.

आता इथली रीत सांगते. आमच्यात निवद शिजवताना चाखत नाहीत. देवाच्या आधी जिभेला लागलं की उष्टं झालं. मीठसुद्धा अंदाजानंच घालायचं. ही रीत मला ठाऊक नव्हती असं कुठल्या तोंडानं म्हणू? साधं केलं असतं तर हात चुकलाच नसता. पण मला मिरवायचं होतं. धाकटी काय काय शिकलीय ते आक्काला दिसू दे, असं मनात आलं. मी डबा उघडला. खिरीत एक मूठ टाकली, वांग्याच्या मसाल्यात अर्धी मूठ.

मंदा घाबरली. "मावशी, चाखल्याबिगर कसं कळंल वं?"

"मला वासावरून कळतं," मी म्हटलं.

देवाला निवद दाखवला, पानं मांडली. पहिला घास भाच्यानं, मंदाच्या नवऱ्यानं, घेतला आणि तो तोंड दाबून उठून बाहेर गेला. मंदानं डोळे मिटून घोट गिळला. मी वाटी तोंडाला लावली. आधी गूळ लागला, मग साबण, मग नुसता कडूपणा, जीभच आखडली. वांगी तर त्याहून वाईट. मेले, मेले मी!

आणि निवद टाकत नाहीत. गाईपुढे थाळी ठेवली तर तिनं हुंगून मान फिरवली. मग आक्कानं सगळ्यांची पानं स्वतःपुढे ओढली आणि एकेक वाटी संपवायला लागली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"आक्का, दे इकडं, मी खाते. चूक माझी आहे."

"ऱ्हाऊ दे."

"अगं, निदान चिड तरी माझ्यावर!"

"कशापाय चिडू?" तिनं वर बघितलं, अगदी शांतपणे. "पाव्हनीला कडू वाढत न्हाईत आमच्यात. मंदा, मावशीला दूधभाकरी दे."

दूधभाकरी माझ्यापुढे आली. मी ती खाल्ली. समोर आक्का माझा कडू निवद शेवटच्या कणापर्यंत खात होती, आणि मला त्यातलं एक बोटही मिळालं नाही.

दुपारच्या गाडीनं निघाले. मंदानं कुंकू लावलं. आक्का दारापर्यंत आली, "सावकाश जा," म्हणाली, शेजारच्या बाईला म्हणावं तसं.

वाईला येऊन आता आठवडा झाला. परवा मुंबईच्या एका कुटुंबानं माझ्या लॅव्हेंडर श्रीखंडाचे फोटो काढले, वा वा केली. मी हसले. आत येऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि रडले. आक्का माझ्यावर रागावलीय, एवढंच धरून मी आठ वर्षं काढली होती. राग आज ना उद्या जाईल, या आशेवर. पण राग असता तर तिनं ते पान माझ्यापुढे आदळलं असतं आणि म्हणाली असती, केलंस ना, आता गीळ.