मामांची मऊ भिंत

भिंतीवर माझ्या मोठ्या मामांइतका अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात सापडायचा नाही. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी ते भिंतीला खांदा लावतात आणि जोर देऊन बघतात. "पक्की हाय," यजमान अभिमानानं सांगतो. "त्येच तर वाईट," मामा म्हणतात. मांडवाचे खांब, दवाखान्यातलं बाकडं, एसटीतली पुढची सीट, सगळ्यांना ते असेच टेकून बघतात. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या वडिलांशी बराच वेळ गप्पा मारून ते स्वयंपाकघरात आले आणि आईला म्हणाले, "माणूस सज्जन हाय, पर आदळलं तर आत जागा न्हाई." ते स्थळ तिथंच थांबलं.  त्या दिवशी मामांचा चहा मी स्वतः नेऊन दिला. त्यांना तेवढं पुरलं.

मामांचं न्हावऱ्याच्या रस्त्याला टायरचं दुकान आहे. जत्रेच्या दिवशी गावाबाहेर, कांदा काढून मोकळ्या झालेल्या रानात मोटारसायकलींची शर्यत होते. तिथल्या मोठ्या वळणाला एक पोरगा दगडी बांधावर आपटला आणि त्याचा पाय कायमचा आखडला. तेव्हापासून मामांना एकच ध्यास: गाडी घसरली तर तिला आत घेणारी भिंत. पहिल्या खेपेला त्यांनी वळणाबाहेर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. कल्पना चांगली होती, पण आमच्याकडे रानात पडलेला कडबा कुणी तसाच सोडत नाही. फायनलच्या आत अर्धं बॅरिअर मेंढरांनी खाल्लं आणि उरलेलं बायकांनी डोक्यावरून घरी नेलं. त्यांत माझी मामीही होती. पुढच्या वर्षी त्यांनी जुने टायर लावले, तर लोकांनी एकेक टायर ओढून त्यावर बैठक मारली, तीही वळणालाच, कारण पडणारा तिथून नीट दिसतो.

यंदा मात्र मामांनी टायर एकमेकांना बोल्टनं जखडले आणि पुढून कारखान्याच्या भंगारातला जाड रबरी पट्टा बसवला. कारण यंदा शर्यतीत त्यांची पोरगी सोनी होती. त्यावरून मामीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मामांनी पोरीला हो म्हटलं होतं, पण शर्यतीआधीचा आठवडाभर ते जेवताना ताटसुद्धा ढकलून बघत होते.

शर्यतीच्या सकाळी जत्रा कमिटीचे आबा पाहुण्यांचा लाल सोफा घेऊन आले. मानाचा सोफा वळणालाच लागतो, ही रीत.

"मधले टायर काढा रे," आबा म्हणाले. "सोफा हितंच लागंल."

"आबा, सोफा मागं घ्या."

"पाहुण्यास्नी काय मागं बसवू? फोटोत टायर येतील!"

"मागं बसवा, पर जित्तं बसवा."

लोक हसले. आबांनी चिडून सोफा टायरांच्या पुढ्यातच टाकला आणि त्यावर बसले. "सोताची पोरगी शर्यतीत पळवतोयस म्हणून एवढं!"

"व्हय," मामा म्हणाले. "पोरगी माझीच हाय. पर त्या वळणाला ते ठावं न्हाई."

मग ते चढावर गेले आणि आपली जुनी स्कूटर न्यूट्रल करून त्यांनी वळणाकडे सोडून दिली. ती काही फार वेगात नव्हती. वाटेत थांबते की काय असंही वाटलं. पण आबा धोतर सावरत उठले आणि स्कूटर सोफ्याला टेकून आडवी झाली. कुणी हसलं नाही. आबांना आता मागं हटणंही जड आणि बसणंही. सगळ्यांसमोर पुढं होणं माझ्या स्वभावात नाही, तरी मी सोफ्याचं एक टोक उचललं. दुसरं टोक थोडा वेळ जमिनीवरच राहिलं. मग ते आबांनीच धरलं.

दुपारी सोनीचं पुढचं चाक त्याच वळणाला घसरलं. गाडी आणि ती, दोघी पट्ट्यावर आदळल्या. टायर आत दबले, अख्खी रांग मागं सरकली आणि थांबली. धूळ बसेपर्यंत मामी माझा दंड धरून उभी होती. सोनी उठली, हेल्मेट काढलं आणि मामांना म्हणाली, "आप्पा, तुमची भिंत वाकडी झाली की!"

मामा धावत गेले. एक हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला, दुसरा टायरांवर. आधी कोणाला चाचपावं हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आता सोनी लांबच्या एका खऱ्या ट्रॅकवर शिकायला गेली आहे. परवा दुकानात मी मामांना विचारलं, "आता भीती वाटत नाही ना?"

"वाटती की. म्हणून तर बांधतो."

तेवढ्यात सोनीचा फोन आला. तिथली बॅरिअर एकदम भारी आहेत, ती सांगत होती. मामा म्हणाले, "असतील. तू टेकून बघ जरा." आणि फोन कानाला लावून ते वाट बघत राहिले. तिकडं ती टेकत असावी. इकडं मामांचा खांदा हळूहळू, नकळत, फोनच्या बाजूला कलला होता.