काकांचा अंगठा

"थांबा सायेब, अजून कच्चं हाय," म्हणत काका रेझिन लावलेल्या कापडावर उघडा अंगठा दाबायचे आणि हळूच उचलायचे. अंगठा चिकटून सुटताना त्यांना काय कळायचं, ते त्यांनाच ठाऊक. पाकाची तार बोटांत धरून पाहणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, तसलाच प्रकार.

नव्वदच्या दशकात महाप्याला आमची छोटी प्रयोगशाळा होती. विमानाच्या इंजिनाजवळच्या उष्णतेत टिकेल असं रेझिन आम्ही बनवत होतो. ते कार्बनच्या कापडात मुरवायचं, थर रचायचे आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबून प्लेट काढायची. कापड ओलं राहिलं तर प्लेटला फोड यायचे, फार सुकलं तर थर एकमेकांना धरायचेच नाहीत. मी पदवीधर केमिस्ट. काका खाडीकाठच्या गावातले, सातवी शिकलेले ऑपरेटर. त्यांच्या अंगठ्यापुढे माझी उपकरणं कुचकामी होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागही यायचा.

त्यांचे हात कायम पिवळे. रेझिनमधल्या एका रसायनाचा तो रंग, साबणाने न जाणारा. "काका, पुन्हा बोहल्यावर चढताय की काय?" असं आम्ही चिडवायचो.

"घरची जित्ता सोरल काय मना?" म्हणत ते पोट धरून हसायचे.

ते रसायन कातडीतून आत जातं आणि यकृत नासवतं, असं ड्रमसोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं. मी तो वाचला होता. म्हणून एकदा त्यांना सक्तीने रबरी हातमोजे घालायला लावले.

"यातनं कायपन कलत नाय, सायेब."

त्या दिवशीची प्लेट फोडांनी भरून निघाली. वरिष्ठांनी मला सर्वांदेखत फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा उघड्या हातांनी कामाला लागले. मी पाहिलं आणि गप्प बसलो. कागद खणात टाकला. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

वर्षभरात त्यांचे डोळे पिवळे झाले. आधी गावठी औषध झालं, मग हॉस्पिटल. भेटायला गेलो तर त्यांनी शेवटी तपासलेल्या कापडाचीच चौकशी.

"प्लेट कशी निगाली?"

"एकही फोड नाही, काका."

ते इतके खूश झाले की मला तिथे उभं राहवेना. त्याच आठवड्यात ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि समोर बसल्या.

"सायेब, तुमी शिकलेले. कशानं झाली वो त्यांना कावील?"

खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

"पाण्यातून होते, काकू."

"आगं बाय!" त्या झटकन उठल्या. "मंग ह्ये नका पिऊ तुमी." माझ्या हातातला तांब्या काढून घेऊन त्यांनी पाणी पातेल्यात ओतलं आणि माझ्यासाठी उकळायला ठेवलं.