विमलबाईच्या पाल्याचं नाव

मेडशीच्या थांब्यावर उतरून कावीळ कुठं उतरवतात असं कुणालाही विचारा, तो हातातला चहा खाली न ठेवता नुसत्या हनुवटीनं विमलबाईचं घर दाखवतो. रविवारी आणि बुधवारी तर विचारायचीही गरज नाही. ओसरीवर पिवळ्या डोळ्यांची रांग असते आणि रांगेसमोर विमलबाई, एखाद्या लग्नातल्या वरमाईच्या थाटात.

कसल्याशा झाडाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून ती माळ करते आणि मुकुटासारखी डोक्यावर ठेवते. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर येते. माळ उतरली की कावीळ उतरली. यातले बरेच जण माळेविनाही महिनाभरात बरे झाले असते, पण बऱ्या झालेल्या माणसाला हे सांगायला कोण जाणार?

माळेच्या जोडीला अनशापोटी एक गिलास पाल्याचा हिरवा रस. तो मात्र नुसता हातात द्यायचा नाही, अशी विमलबाईची रीत. पहिला घोट स्वतः घ्यायचा, तोंड वाकडं न करता, आणि मग गिलास पुढं करायचा. पेशंटला धीर येतो. तीस वर्षांत असे किती घोट तिच्या पोटात गेले असतील, याचा हिशेब तिलाही नाही.

पाल्याचं नाव विचाराल तर ते सासूनं मरताना तिच्या कानात सांगितलं होतं, अटीसकट. नाव फुटलं की गुण गेला. नवरा उकंडराव एकदा भल्या पहाटे तिच्या मागं मागं शेताच्या धुऱ्यापर्यंत गेला होता. विमलबाईनं मागं वळून पाहिलं आणि आलाच आहात तर म्हणून त्याला टोपलीभर तांदुळजा खुडायला लावला. त्या दिवशी घरात भाजी तेवढी झाली, पत्ता काही लागला नाही.

तर अशा बाईचे डोळे मागच्या वर्षी पिवळे झाले.

आधी तिनं दोष ओसरीतल्या बल्बवर ढकलला. मग हळदीवर. मग मुलाचा, हरीओमचा, मोटारसायकलवर घालायचा काळा गॉगल लावून ती बुधवारच्या रांगेसमोर बसली. मोतीबिंदूचं कारण सांगितलं, पण ज्या गावात म्हैस आटली तरी चारचौघांना कळतं, तिथं गॉगल किती दिवस टिकणार? दार लावून तिनं स्वतःच्या डोक्यावर माळ ठेवली. माळ पार गुडघ्यापर्यंत आली, पिवळेपणा जागचा हलला नाही. मग तिनं घोटाचा गिलास केला. दोन आठवडे जरा बरं वाटलं आणि पुन्हा अंग खाजायला लागलं, जिना चढताना पाय भरून यायला लागले, भाकरीचा वास नकोसा झाला. शेवटी सून साधना दोन डबे भरून दारात उभी राहिली आणि दोघी अकोल्याच्या बसमध्ये बसल्या.

पोटाच्या डॉक्टरीणबाई कारंज्याच्या निघाल्या, म्हणजे बोलायला आपल्याच. त्यांनी रक्त घेतलं. कावीळ करणारे जे जे विषाणू असतात त्यांचे रिपोर्ट सगळे निगेटिव्ह आले. विमलबाई खूश. बिमारीच नाही म्हणे, उगाच तिकिटाचे पैसे गेले. पण डॉक्टरीणबाईंनी अजून दोन-तीन तपासण्या लिहिल्या, आणि चार दिवसांनी साधनाच्या मोबाईलवर रिपोर्ट आला: एएनए पॉझिटिव्ह, एकास तीनशेवीस. स्मूथ मसल अँटीबॉडी, तीही पॉझिटिव्ह.

पॉझिटिव्ह एवढाच शब्द उकंडरावला वाचता आला आणि तेवढा त्याला पुरला. त्यानं मास्क शोधून काढला, बायकोची ताटली वेगळी केली आणि स्वतःची खाट अंगणात नेली. शेजारच्या रुख्मिणीला तीनशेवीस म्हणजे साखर वाटली. तिनं दारातूनच भात बंद करायला सांगितला. आठवडाभर विमलबाई मास्कवाला नवरा आणि बिनभाताचं जेवण असं दोन्ही सोसत होती.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर पसरले. त्यांचं सांगणं असं, की अँटीबॉडी म्हणजे शरीरानं ठेवलेले राखणदार. ते चोर धरायला असतात. कधी कधी राखणदाराचं डोकं फिरतं आणि तो मालकालाच चोर समजून बडवतो. इथं तो मालक म्हणजे लिवर. आणि तीनशेवीस ही साखर नव्हे. रक्तातलं पाणी पातळ करत करत पाहतात, किती पातळ केलं तरी ती अँटीबॉडी दिसतेच.

विमलबाईनं मान हलवली. ताकात पाणी घालत जायचं आणि कितव्या तांब्यापर्यंत आंबटपणा लागतो ते पाहायचं, असंच ना, तिनं विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, यापुढं मीही असंच सांगेन.

पण एवढ्यावर काही ठरत नाही, हेही त्यांनी सांगितलं. थोडी आंबट चव धडधाकट माणसातही निघते. म्हणून एकटा हा कागद धरून बसायचं नाही. हिचा दुसरा एक रक्ताचा आकडा, आयजीजी, असायला हवा त्याच्या दुपटीच्या जवळ होता. तोही पाहायचा, विषाणू नाहीत हे पाहायचं, आणि सुईनं लिवरचा बारीक तुकडा काढून तोही पाहायचा. तरी एक अडचण उरते. काही पाल्या-मुळ्यांनीही लिवर असंच सुजतं आणि कागद हुबेहूब असेच येतात. पाल्याचा दोष असेल तर पाला बंद करून सूज उतरवायच्या गोळ्याही पुढं कदाचित बंद करता येतील. शरीराचाच असेल तर गोळ्या वर्षानुवर्षं. तेव्हा मावशी, काही पाला, काढा घेता का?

विमलबाई नाही म्हणाली. साधना छताचा पंखा मोजू लागली, तो एकच होता तरी.

डॉक्टरीणबाईंनी पंख्याकडं पाहिलं, साधनाकडं पाहिलं, आणि पुन्हा तेच विचारलं. तेव्हा विमलबाईनं घोटाचं कबूल केलं, मग गिलासाचंही. नावावर मात्र ती अडली.

"नाव सांगतलं का गुण जाते, बाई."

"जाऊ द्या ना मावशी. गुण गेला तरी चालते, लिवर राह्यलं पायजे."

विमलबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, तुम्ही घोटभर घेत होता, बाकीचे किती घेतात?

बाकीचे गिलासभर घेत होते. मागच्याच बुधवारी मानोऱ्याकडून सुकेशनी नावाची पोरगी आली होती, लग्न महिन्यावर आलेलं, हाताला मेंदीच्या आधीच पिवळा रंग. तिला विमलबाईनं सात दिवसांचा रस बाटलीत भरून दिला होता.

"साधना," ती म्हणाली, "तू जरा बाहेर बस."

साधना बाहेर गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली, पण पंख्याच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही. विमलबाईनं टेबलावर वाकून डॉक्टरीणबाईंच्या कानात नाव सांगितलं. त्यांनी ते फाइलमधल्या कागदावर लिहून घेतलं. बाहेर आल्यावर विमलबाईनं पहिलं काम केलं ते सुनेकडून फोन मागायचं. ती बाटली फेक आणि आधी रक्त दे, असं तिनं सुकेशनीला बसस्टँडवरूनच ठणकावलं. काहून म्हणून पोरीनं विचारलं तर म्हणाली, मी सांगून राह्यली म्हणून.

सुईनं काढलेल्या तुकड्यातूनही बहुतेक राखणदाराचीच चूक निघाली. बहुतेक, असंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाल्यानं त्याला चिथावलं नसेल अशी लेखी हमी द्यायला त्या तयार नाहीत. गोळ्या सुरू झाल्या. डोळे पांढरे झाले, भाकरी गोड लागू लागली, आणि गोळ्यांनी गाल असे वर आले की रुख्मिणी विचारते, माहेरी राहून आलीस का व.

उकंडरावनं मास्क काढला आणि फाइल हाती घेतली. नाव त्यात डॉक्टरी अक्षरात लिहिलेलं आहे, घरात आहे, कपाटात आहे. चष्मा लावून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं, औषधाच्या दुकानदाराला दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहून, हे पोटात घ्यायचं मलम असावं, असं सांगितलं.

रविवार-बुधवारची रांग अजून असते. माळ मिळते, पण आधी रक्ताचा रिपोर्ट दाखवावा लागतो, आणि नसेल तर अकोल्याची बस किती वाजता आहे ते विमलबाईला पाठ आहे. परवा मालेगावकडचा एक म्हातारा रसासाठी हटून बसला. वीस वर्षांपूर्वी त्याच रसानं तो बरा झाला होता म्हणे, आता त्याच्या नातवाला हवा होता.

"त्याचा गुण गेला, बापा," विमलबाई माळेची गाठ मारत म्हणाली. "मी नाव सांगून टाकलं."

म्हाताऱ्याला ते लगेच पटलं. त्यानं नातवाला उठवलं आणि बस कुठं थांबते ते विचारलं.