मयत क्रमांकाची गाय

पद : पशुपरिचर, तात्पुरते. सेवा : एकवीस वर्षे. कर्तव्य : साथीत मेलेल्या गुरांच्या कानातले बिल्ले काढून क्रमांक वहीत नोंदवणे. शेरा : नोंदी अचूक.

बिल्ल्याशिवाय लस नाही, असा आदेश होता आणि नवे बिल्ले संपले होते. म्हणून परिचराने एका मेलेल्या गाईचा बिल्ला घरच्या गाईच्या कानात अडकवला.

लस द्यायला आलेल्या डॉक्टरांनी वही उघडली. "अहो, हा क्रमांक मयत आहे. खाली सही तुमचीच."

"साहेब, ती समोर चारा खातेय की!"

"मला दिसतंय हो. वहीला दिसत नाही."

डॉक्टर गेल्यावर बायको म्हणाली, "एकवीस वर्षांत एक नोंद विसरला असतात, तर काय बिघडलं असतं?"

आठवड्याने गाय मेली. वहीत दुरुस्ती करावी लागली नाही.