पाकिटातली चाल

आमच्या सांगलीच्या बुद्धिबळ क्लबात जिंकेल त्याची पांढरी, असा नियम. म्हणून सहा वर्षं पांढरी मोहरी सुभेदारकाकांकडंच होती. साताऱ्याकडचा माणूस, मिलिटरीतून रिटायर झालेला. मधून कधी चालून यायचे नाहीत. वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं, त्या जागी उंट आणून ठेवायचा आणि तिथून तिरकं माझ्या राजाच्या कोपऱ्याकडं बघत बसायचं. लय राग यायचा मला. एकदा, फक्त एकदा त्यांना हरवून पांढरी घ्यायची होती.

त्या शनिवारी माझा एक घोडा जास्त होता. पण सहाला हॉल बंद होतो. डाव अर्धा राहिला की ज्याची पाळी त्यानं पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, ही आमची जुनी खोड. काका बराच वेळ लिहीत बसले होते. मंगळवारी मिरजेच्या दवाखान्यात ते वारले.

"गुण तुमचाच," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले. माझं डोकंच फिरलं. फुकटचा गुण घेऊन काय करू? तेराव्यानंतरच्या शनिवारी मी काळी घेऊन बसलो. समोर रिकामी खुर्ची. सेक्रेटरींनी पाकीट फोडलं आणि काकांचा घोडा मागं घेतला. घरी मी सगळ्या चाली तपासल्या होत्या, ही सोडून.

मी विचार करून उत्तर दिलं. सेक्रेटरींनी कागदाकडं पाहिलं, मग पटाकडं, परत कागदाकडं. "पुढचंही लिहिलंय. तुमचं उत्तरसुद्धा."

तीन चाली असंच झालं. अंगावर काटा आला, मग संताप. गेल्यावरही पिच्छा सोडत नाहीत म्हणजे काय? काकांच्या मनातही येणार नाही अशी चाल शोधली आणि राजा कोपऱ्यात नेला.

सेक्रेटरींनी कागद माझ्यापुढं धरला. 'आता चिडून राजा कोपऱ्यात नेशील. नगं नेऊस गड्या, उंट तिथंच बघतोय.'

काकांच्या वजिरानं माझं कडेचं प्यादं मारलं. शेजारच्या प्याद्यानं त्याला मारावं, तर ते उंटानं बांधलेलं, हललं की माझ्या राजाला शह. पुढच्या चालीला मात. हरल्यावर हात मिळवायच्या सवयीनं मी पटावरून हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

कागदावर खाली अजून एक ओळ होती. 'बरा खेळलास. आता पांढरी तू घे. मी न्हाई येणार.'

सेक्रेटरींनी मोहरी मांडली आणि पट फिरवून पांढरी माझ्याकडं केली. सहा वर्षं ज्यासाठी तडफडलो ते समोर होतं. मला हात लावता येईना.