पल्याडचा जामीन

जामीनमामा पैसे खातो, असं मी साहेबाच्या कानात सांगितलं. इतक्या आत्मविश्वासानं मी आयुष्यात दुसरं वाक्य बोललेलो नाही. त्यात खरं एवढंच होतं की मामा पान खात असे.

मी तेव्हा अमरावतीच्या फौजदारी कचेरीत नवा कारकून होतो. पुण्याहून आलेला, नवा कायदा तोंडपाठ, मिशी मात्र यायची होती.

मामा माळीपुऱ्यातला. देवळातले हार त्याच्या मळ्यातले आणि मोहरमच्या ताबुतावरचे सेहरेही. मारामारीत धरलेल्या माणसाला सोडायचं तर शांततेची हमी देणारा जामीन लागे. मामा कुणालाही जामीन राही, फक्त आपल्या पुऱ्यातल्याला नाही. माळ्यांच्या पोरानं गयावया केली की म्हणे, "तुले मी काहून राहू? मी तं तुह्या घरचाच. पल्याडचा आन."

पल्याड म्हणजे मुसलमान गाडीवानांचा पुरा. तिथला करीमचाचा माळ्यांच्या पोरांना जामीन राही आणि गाडीवानांच्या पोरांना मामा. पोरानं पुन्हा दगड उचलला तर भुर्दंड समोरच्या पुऱ्यातल्या म्हाताऱ्याला. सख्ख्या बापाला न जुमानणारी पोरं या परक्या म्हाताऱ्याच्या दारावरून खाली मान घालून जात.

अमेरिकेत कुठंशी लढाई पेटली आणि इकडे कापसाचा भाव असा चढला की लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. त्या हंगामात कापूस तोलायच्या काट्यावर आधी गाडी कुणाची, यावरून दोन्ही पुऱ्यांची डोकी फुटली. पोरं कोठडीत गेली. मामा आणि करीमचाचा नेहमीप्रमाणे जामीन राहायला आले. माझ्या पुस्तकी डोक्याला प्रश्न पडला, हिंदूनं मुसलमानाची हमी फुकट का घ्यावी? तोच मी साहेबाच्या कानात सोडवला. साहेबानं दोघांचेही जामीन नाकारले.

कापूस शेतात, पोरं कोठडीत. प्रत्येक पुऱ्याला वाटलं, ही करणी दुसऱ्याची. ताबूत निघाले त्या दिवशी दगड उडाले. मामा हातात सेहरा घेऊन मधे उभा राहिला आणि त्याची भुवई फुटली. शिपायांनी मधे सापडेल त्याला धरलं. मधे मामाच होता.

"जामीन कोण?" मी विचारलं.

"करीमले तं तुमीच नाही म्हनलं." भुवईवरचं फडकं दाबत त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पंत, तुमीच राहा ना. ना तुमी आमच्या पुऱ्याचे, ना त्याइच्या. तुमच्याइतका पल्याडचा मानूस मले कुठं भेटन?"

दारात दोन्ही पुऱ्यांची माणसं उभी होती. ती सगळी हसली, करीमचाचासुद्धा. दंग्यानंतर ती पहिल्यांदाच एकत्र हसत होती. माझं एकच काम होतं, हो म्हणायचं.

"नियमात बसत नाही," मी म्हणालो. तो नियम मी अजून शोधतो आहे.

मामा कोठडीत राहिला. मळ्यातला झेंडू झाडावरच वाळला.

पुढं माझी अकोल्याला बदली झाली, मिशी आली, हुद्दा आला. तिथं तंटे झाले की मी पल्याडचा जामीन मागू लागलो, आणि ते मिटूही लागले. लोक म्हणत, ही पंतांची युक्ती. मी मान हलवत असे. ती होकारानं हलते की नम्रतेनं, हे मी त्यांच्यावर सोडलं होतं.

शेवटी गेल्या मोहरमला अमरावतीला गेलो. मामा सेहरा गुंफत बसला होता. नजर अधू झालेली, भुवईतली खूण तशीच. मी शेजारी बसून हळूच म्हटलं, "मामा, माझं चुकलं. तुम्ही पैसे खाता, असं साहेबाच्या कानात मीच सांगितलं होतं."

"कोन, पंत?" बोटं थांबली नाहीत. "मंग हे माह्या कानात काहून सांगून राहिले? तवा साहेबाच्या कानात बोलले. कानातलं लय झालं. चौकात चाला."

चौकात ताबुताभोवती दोन्ही पुरे जमले होते. मी पागोटं काढून हातात घेतलं. म्हणालो, "जामीनमामानं कधी कुणाचा पैसा खाल्ला नाही. मी खोटं सांगितलं होतं. तुमची पोरं माझ्यामुळं कोठडीत राहिली आणि हाही. अकोल्यात माझी म्हणून गाजते ती युक्ती याची आणि करीमचाचाची आहे. मला माफ करा."

मागून करीमचाचाचा थकलेला आवाज आला, "पंत, जरा जोर से. इधर सुनाई नहीं दिया."

मी पुन्हा सगळं म्हटलं, पहिल्यापासून, मोठ्यानं.