किंमत सांगा आणि गप्प बसा

माझी शाळा लवकर सुटली. पुढचं सगळं मी हाती येईल ते वाचून शिकले. त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या वर्गात बाकावर बसायचा योग आला तो थेट नातवंडं झाल्यावर. उद्योजकतेचा तीन महिन्यांचा कोर्स होता आणि त्यात बाहेरच्या बायकांनाही घेत होते. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, चला ना. घरी बसून काय करतो आपण? बोलतोच ना? तिकडे जाऊन बोलू." आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न करता परवानगी दिली. म्हणाले, "जा, जा. मलाही जरा आराम."

शिकवायला एक मुलगी होती, आमच्या धाकट्या लेकीहूनही लहान. घर मराठीच, पण मराठी अशी की वाक्य छत्रीबागेतल्या मराठीत सुरू होऊन सराफ्यातल्या हिंदीत संपायचं. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती मला आजी म्हणायची. हिशेब चुकता.

पहिल्या दिवशी तिने एक कागद दिला. स्वतःचा व्यवसाय सुरू करू शकाल असं तुम्हाला किती वाटतं, एक ते पाच. मी पाचावर गोल केला. का नाही करणार? जन्मभर मेतकूट करतेय मी. डाळी-तांदूळ भाजायचे, त्यात मेथी, जिरं, हळद, हिंग घालून दळायचं, आणि ती पिवळी पूड मऊ भातावर तुपाबरोबर खायची. अर्धा मोहल्ला माझंच मेतकूट खातो. फुकट, हं. डबा भरून जातो, आणि परत येताना त्यात कधी गुळपापडी असते, कधी कैऱ्या. शेवटच्या दिवशी पुन्हा तोच कागद आला, आणि मी दोनावर गोल केला.

मॅडमचं तोंड एवढंसं झालं. "आजी, हे काय केलं तुम्ही? नंबर तर वर जायला पाहिजे."

"अगं, तू शिकवलंस म्हणूनच खाली आला. गॅसला पैसे पडतात, पाकिटाला पडतात, खायची वस्तू विकायला नोंदणी लागते, माझ्या हातांनाही काही भाव असतो, हे आधी कुठे मला ठाऊक होतं?"

"ते बरोबर आहे. पण चार्टमध्ये हे मी दाखवू कसं?"

मी तिच्यापुढे जाऊचा कागद सरकवला. जाऊने पाचाचे पाचच ठेवले होते. तिने तीन महिने स्वेटर विणला.

नोंदणी मी मग करून घेतली, पाकिटंही आणली. पण पाकिटं कपाटात आणि मेतकूट डब्यात, असंच चाललं होतं. एक दिवस मॅडम घरी आली आणि पाणीसुद्धा न घेता बसून राहिली. युनिव्हर्सिटी बाहेरगावचे एक सर पाठवणार होती. या कोर्सने कोणाचं काही भलं होतंय का, हे ते शिकलेल्यांच्या घरी जाऊन बघणार. त्यांना पटलं नाही तर पुढची बॅच बंद, आणि त्याच्याबरोबर हिची नोकरीही.

"खोटं काही बोलायचं नाही, आजी. ते काही विकत घ्यायला लागले तर बस, प्राइस बोलायची आणि चुप राहायचं."

किंमत सांगा आणि गप्प बसा, हा तिचा सगळ्यात मोठा धडा. वर्गात ती गिऱ्हाईक व्हायची आणि आम्ही दुकानदार. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "दोनशे ग्रॅमचे ऐंशी रुपये. पण तू आपलीच आहेस, सत्तर दे. आणि घरी म्हातारी माणसं असतील तर साठ. आणि हे लोणचं चाखून बघ." तिने तोवर तोंडसुद्धा उघडलेलं नसायचं. सबंध वर्ग हसायचा आणि ती डोक्याला हात लावायची.

सर आले ते सकाळी. सभ्य माणूस, हातात टॅब्लेट, बोलणं हिंदी. आल्या आल्या प्रश्न सुरू करणार होते, पण आमच्या घरी उपाशी माणसाला प्रश्न विचारू देत नाहीत. मऊ भात, तूप, मेतकूट. नको नको म्हणता म्हणता त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मॅडम भिंतीशी बसली होती, परीक्षा तिचीच असल्यासारखी. होतीच म्हणा.

हात धुऊन सर म्हणाले, "माताजी, ये तो मैं घर ले जाऊंगा. आधा किलो. कितने हुए?"

मी उत्तर द्यायच्या आत जाऊ पुढे. "अरे सरजी, आपसे क्या पैसे लेना. आप तो मेहमान हैं."

मला तिचा राग नाही आला. माझ्याही ओठांवर तेच होतं. आपल्याच पाटावर बसून जेवलेल्या माणसापुढे पैशांसाठी हात पुढे करायचा, हे आमच्या सासूबाईंनी पाहिलं असतं तर त्यांनी मला माहेरी पोचवलं असतं. पण भिंतीशी बसलेल्या त्या पोरीने डोळे मिटून घेतले, आणि ते मात्र मला बघवेना.

म्हटलं, "आधा किलो, दो सौ रुपये."

आणि गप्प बसले.

काय सांगू तुम्हाला. सर पैशांच्या पाकिटात बघताहेत, आणि माझ्या तोंडात वाक्यांची रांग लागलेली. पहिल्यांदाच घेताय तर दीडशे द्या. पसंत पडलं तर पुढच्या वेळी द्या. तुमच्या घरी कोणकोण असतं? जाऊने तोंड उघडलं तर मी पदराआडून तिचा पाय दाबला. कुकरची शिट्टी झाली, तिचासुद्धा मला हेवा वाटला.

सरांनी दोनशेची नोट काढून दिली. मी घेतली.

"और कोर्स के पहले कितने में देती थीं?"

"मुफ़्त."

ते हसले आणि टॅब्लेटवर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मी तेवढ्यात मेतकुटाचं पाकीट भरलं आणि वर आणखी दोन मोठे चमचे घातले. मॅडम हळूच म्हणाली, "आजी..."

"पैसे मिळेपर्यंत गप्प राहायचं, एवढंच तू शिकवलंस. मिळाल्यावर काय करायचं ते कुठे सांगितलंस?"

पुढे पंधरवड्याने तिचा फोन आला. नवी बॅच मंजूर, नोकरी शाबूत. आवाजात हसू मावत नव्हतं. म्हणाली, "आजी, रिपोर्टमध्ये तुमचीपण केस आहे. नाव नाही टाकलं. लिहिलंय की विद्यार्थिनी किंमत सांगून शांत राहू शकते."

शेजारणींकडून मी अजून पैसे घेतलेले नाहीत. डबे जातात, कैऱ्या येतात. सरांच्या घरून मात्र दुसऱ्यांदा मागणी आली, तीही पूर्ण किमतीला.

रिपोर्टातलं ते वाक्य मी मोठ्या कौतुकाने ह्यांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, "शांत? तू? त्या सरांनी तपासलं तरी कसं?"

मी म्हटलं, "दोनशे रुपये टाका, तुम्हालाही दाखवते."